हुपरीकरांचा कान

हुपरीकर फार चांगले गृहस्थ आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याने त्यांना शनिवारी सकाळी पाहिलेलं नाही एवढंच समजा. मी पाहिलंय. इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनमध्ये, तेहेतीस वर्षं आम्ही एकाच जिन्यावर राहतो आहोत, ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. एवढ्या शेजारानंतर खोटं गोड बोलायची गरज उरत नाही.

पद्माकर हुपरीकर मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं दुकान होतं, शाळेपेक्षा तिथे जास्त शिकले. सत्तर साली डिप्लोमा घेऊन इकडे आले आणि गाड्यांच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणीवर लागले. माझे यजमान रमेश त्याच खात्यात होते. काम एकच, बंद खोलीत इंजिन पूर्ण वेगाने पळवायचं आणि ते कुठे कण्हतंय ते बघायचं. बाकी सगळे कानांवर जाड डबे चढवून उभे राहायचे, हुपरीकर तेवढे उघड्या कानांनी. वरच्या साहेबाने दोनदा लेखी ताकीद दिली. कानात बोळे कोंबून डॉक्टर छाती तपासतो का, असं हुपरीकर त्यालाच विचारून आले. रमेशनी घरी येऊन हे मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवलेली बाई. मी म्हटलं, मूर्ख आहे तुमचा मित्र.

निवृत्त व्हायच्या पुष्कळ आधीपासून हुपरीकर दर शनिवारी फोल्ट्सच्या शेडमध्ये जात. फोल्ट्स म्हणजे रेल्वेलाइनीच्या पलीकडे गॅरेज चालवणारा एक कमी बोलणारा म्हातारा. इथल्या आसपासच्या छावण्यांतले अमेरिकन सैनिक परत जाताना आपल्या गाड्या इथेच विकून जायचे. साठ-सत्तर सालातल्या, दोन दारांच्या, लांबलचक नाकाच्या, आत ट्रकला शोभेल असं इंजिन घातलेल्या. मसल कार म्हणतात त्यांना. इथल्या माणसाला पन्नाशी गाठली की अशी एक गाडी हवीशी वाटते. गाडी येते, दारात उभी राहते, शेजारी जळतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ती सुरू होत नाही. मग तिला ओढत फोल्ट्सकडे आणायचं. दर शनिवारी तिथे अशा आठ-दहा मालकांचा क्लब भरायचा, बिअर घेऊन.

हुपरीकर बॉनेट उघडायचे नाहीत. मालकाला आत बसवायचं, दिवे लावायला सांगायचं, आपण पुढच्या मडगार्डवर तळवा टेकून उभं राहायचं आणि किल्ली फिरवायला लावायची. एकदाच. दुसऱ्यांदा फिरवली तर ते भडकायचे. सुरू न होणाऱ्या गाड्या चार जातींच्या असतात असं त्यांचं शास्त्र होतं. एक मुकी, किल्ली फिरवली तरी काहीच नाही. तिच्यात करंट सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरपर्यंत, पोचतच नाही. दुसरी नुसतं टक करून गप्प बसणारी. तिचा सेल्फ तरी अडलेला असतो नाहीतर बॅटरीची वायर तरी सैल असते. तिसरी सेल्फ खणखणीत फिरवते पण पेट घेत नाही. तिथे एकतर ठिणगी नसते नाहीतर पेट्रोल नसतं. आणि चौथी, किल्ली धरून ठेवली तोवर पेटणारी आणि सोडली की मरणारी. तिच्यात करंगळीएवढा चिनी मातीचा एक रेझिस्टर जळलेला असतो, आणि तेवढ्यासाठी लोक अख्खं इंजिन खोलून बसतात.

निदान बहुतेक वेळा बरोबर यायचं, ते मी नाकारत नाही. पण नुसतं निदान सांगून माणसाला घरी जाऊ देतील तर ते हुपरीकर कसले. लुडविग्सबुर्गचा एक डेंटिस्ट टो करून गाडी घेऊन आला. मुकी होती. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरचा लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर सेल्फला करंट मिळत नाही, अपघात होऊ नये म्हणून तसा स्विचच असतो. याचा लिव्हर राहिला होता ड्राइव्हमध्ये. हुपरीकरांना ते क्षणात कळलं. त्यांनी आधी सगळ्या क्लबला गोळा केलं, मग दार उघडून लिव्हर पार्कमध्ये सरकवला, आणि डेंटिस्टला बाहेर उभं करून शाळेतल्यासारखं मोठ्याने तीनदा म्हणायला लावलं की लिव्हर पार्कमध्ये नसेल तर गाडी सुरू होत नाही. तो बिचारा हसत हसत म्हणाला, तिसऱ्यांदा हसू उरलं नव्हतं. परत कधी आला नाही. त्याचं ते वाक्य मात्र क्लबात राहिलं. कुणी काही विसरलं की सगळे एका सुरात म्हणायचे.

मयुरेश यांच्याकडे आला तो दोन हजार पाच साली. कुंदाचा, म्हणजे हुपरीकरांच्या बायकोचा भाचा. पुण्याचा इंजिनिअर, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोन डिग्र्या. पहिल्याच शनिवारी मल्टिमीटर घेऊन शेडमध्ये गेला, आणि आतोबांनी त्याचं नावच मीटर ठेवलं. मीटर, आंधळ्याच्या काठीला काय म्हणतात जर्मनमध्ये? मीटर, तुझ्या काठीला विचार या गाडीला ताप आहे का. पोरगं गोरंमोरं व्हायचं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं. त्याला त्या गाड्यांचं खरंच वेड होतं.

दोन हजार सातच्या वसंतात त्याची बायको अवनी आली, लग्नाला चार महिने झालेले. जुलैत हुपरीकर तिलाही शेडमध्ये घेऊन गेले. वाटेत बेकरीत ब्रेड घेताना तिला म्हणाले, मी विचारलं की रेझिस्टर म्हण, गंमत करू. तिला वाटलं, लाडाने चाललंय. शेडमध्ये चौथ्या जातीची एक गाडी होती, ती त्यांनी आधीच पाहून ठेवली होती. मयुरेश अर्धा तास मीटर लावून कागदावर आकडे लिहीत होता. हुपरीकरांनी अवनीला पुढे बोलावलं, किल्ली फिरवून दाखवली आणि काय बिघडलंय ते विचारलं. ती म्हणाली, रेझिस्टर. शेडमध्ये टाळ्या. मग सगळ्यांना कळावं म्हणून हुपरीकर मुद्दाम जर्मनमध्ये मयुरेशला म्हणाले, मीटर हिला दे आणि तू घरी पोळ्या लाट. मयुरेश चालत घरी गेला. नऊ दिवस बायकोशी बोलला नाही. ती माझ्याकडे येऊन रडली. मी तिला चहा दिला आणि सांगितलं की डोकं तूही वापरायला हवं होतंस.

आता कानाचं. ते मला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात कळलं. जिन्यात हुपरीकर माझ्यापुढे चढत होते आणि पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून एकेक बटाटा सांडत होता. मी तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा चांगली ओरडले. माणूस वर चढतोच आहे. मग वळले, मला पाहिलं, आणि "काय वहिनी, बटाटे वेचताय?" असं विचारलं. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. समोर उभं राहून मराठीत बोललं की सगळं कळायचं, ओठ वाचायचे. जर्मन ओठ मात्र त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून ते कुंदाला सगळीकडे, अगदी शेडमध्येही, सोबत न्यायचे. प्रत्येक जर्मन वाक्यानंतर तिच्याकडे बघायचे आणि कुंदा तेच मराठीत म्हणायची. चाचणीच्या खोलीने कान खाल्ले होते. कानाचं यंत्र इथे सहज मिळतं. पण ज्याचा कानच मोठा, तो यंत्र कसं लावणार.

आणि शेडमध्ये? मी एका शनिवारी जाऊन उभी राहिले आणि दहा मिनिटांत उलगडलं. सेल्फने करंट ओढला की दिवे मंद होतात. दिवे साफ विझत आले तर बॅटरी किंवा वायर, थोडे मंदावले तर सेल्फ फिरतोय, तसेच राहिले तर करंट जातच नाही. टक झाली तर मडगार्डवरच्या तळव्याला कळते. माणूस डोळ्याने आणि हाताने ऐकत होता. खरं सांगते, मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. सांगितला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते चुकले. अंगणात भर उन्हात एक गाडी उभी होती, त्या उजेडात दिव्यांचा फरक दिसेना. त्यांनी सेल्फ गेला म्हणून सांगितलं, फोल्ट्सने नवा बसवला, आणि निघाली अर्थिंगची सैल वायर. गिऱ्हाईक फोल्ट्सला वाटेल ते बोलून गेलं. फोल्ट्सने हुपरीकरांना शांतपणे सांगितलं की आणखी एक चूक झाली तर शनिवार बंद. कुंदाने ते मराठीत करून सांगितलं आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, शनिवार गेला तर हा माणूस उरलेले सहा दिवस कशाच्या जोरावर काढेल? दुसरं काहीच नाही हो यांना. मुलं नाहीत, वाचन नाही, देवसुद्धा वर्षातून दोनदा.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी सांगितलं.

गणपतीचा प्रसाद घेऊन मयुरेश वर आला होता. बसला आणि आतोबांचं पुराण सुरू केलं. काय म्हणाले, कसे हसले, किती जणांसमोर. पाऊण तास. मला कुरकूर सहन होत नाही. चष्मा काढून मी म्हटलं, "अरे, कुठल्या कानाला घाबरतोस? कधीच गेलाय तो कान."

त्याने मोदक खाली ठेवला.

"दिवे का लावायला सांगतात ते बघ. हात कुठे ठेवतात ते बघ. दोन डिग्र्या आहेत ना तुला?"

 मयुरेश उठला आणि नमस्कार करून गेला. जाताना जिन्यात शीळ घालत होता.

हुपरीकरांची स्वतःची एक गाडी शेडच्या कोपऱ्यात असायची. एकोणसत्तर सालची, गडद हिरवी. नऊ वर्षं खपून त्यांनी ती उभी केली होती. दर दसऱ्याला शेडमधली हत्यारं आणि ती गाडी पुजायची, झेंडू घालायचा, नारळ फोडायचा. जर्मन मंडळी बायकांसकट यायची, त्यांना पेढे मिळायचे. हुपरीकरांचा एक नियम होता. गाडीला ओवाळायला सुरुवात केली की कुंदाने किल्ली फिरवायची, आणि इंजिन पेटल्याशिवाय तबक खाली ठेवायचं नाही. आठ वर्षं ती पहिल्या किल्लीला पेटत आली होती.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. सगळा क्लब हजर. तयारी मयुरेशने अंगावर घेतली होती आणि कुंदा त्याचं कौतुक करत होती. त्याने झेंडूच्या मनगटाएवढ्या जाड माळा केल्या होत्या आणि त्या दोन्ही दिव्यांवर गुंडाळल्या होत्या, काच जराही दिसत नव्हती. हुपरीकर माळ सरकवायला गेले, तर अवनी म्हणाली, राहू द्या ना आतोबा, सुरेख दिसतंय. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं असं ती अजून म्हणते. तबकही नवं होतं, पुण्याहून मागवलेलं, पितळी, परातीएवढं. दोन्ही हातांनीच धरावं लागे. आत्या, या वर्षी किल्ली मी फिरवतो, असं म्हणून मयुरेश आत जाऊन बसला.

मी मागे उभी होते. माळा पाहिल्या, तबक पाहिलं आणि मला सगळं समजलं. तेव्हा बोलता आलं असतं.

हुपरीकर गाडीपुढे ओवाळू लागले. मयुरेशने किल्ली फिरवली. काहीच नाही. शेडमागून एस-बानची लोकल गेली, तेवढाच आवाज. मयुरेशने खिडकीतून डोकं काढून मान हलवली. लोक हसले. फोल्ट्स हसला नाही. तो पुढे येऊन हुपरीकरांना जर्मनमध्ये म्हणाला की आल्झो, म्हणजे बरं तर, आता तुमच्याच गाडीचं निदान सांगा. हुपरीकरांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदाने ते मराठीत सांगितलं, आवाज फुटत नव्हता तिचा, पण त्यांना आवाजाची गरज नव्हती.

मयुरेश उतरून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, उजेडात, तोंड नीट दिसेल असा.

"आतोबा, कसला आवाज आला?"

"परत फिरव."

"एकदाच फिरवायची म्हणता ना तुम्ही?"

हुपरीकरांनी दिव्यांकडे पाहिलं. तिथे झेंडू. हातांत तबक, निरांजन जळत होतं. गाडी पेटलेली नव्हती, म्हणजे ते खाली ठेवता येत नव्हतं. नियम त्यांचाच.

"टक," ते म्हणाले. "एकच. जड. खालच्या अंगाने, उजवीकडून. सेल्फ अडलाय. थंडीने वंगण घट्ट झालं असेल, हातोडीने हळूच ठोका, सुटेल."

"नक्की ऐकलंत?"

"तुला नाही आली ऐकू?"

"नाही."

"मग शिक."

मयुरेशने हे सगळं जर्मनमध्ये मोठ्याने सांगितलं. सावकाश, एक शब्द न गाळता. टक, एकच, जड, उजवीकडून. शेडमध्ये तीसेक माणसं होती आणि प्रत्येकाने आपल्या कानांनी ऐकलं होतं की टकबिक काही झाली नव्हती. मग त्याने फोल्ट्सला बोलावून गाडीत वाकून बघायला सांगितलं. लिव्हर ड्राइव्हमध्ये होता.

कुणीतरी मागून ते डेंटिस्टचं वाक्य सुरू केलं, आणि सगळ्यांनी सूर धरला. लिव्हर पार्कमध्ये नसेल तर गाडी सुरू होत नाही. एकदा, दोनदा, बिअरच्या बाटल्या बाकावर आपटत. हुपरीकरांपर्यंत आवाज पोचत नव्हता. त्यांना दिसली तीस तोंडं, एका तालात हलणारी, हसरी. त्यांना वाटलं, मंडळी सणाचं काहीतरी गातायत. त्यांचा चेहरा फुलला. तबक ओवाळता ओवाळता ते त्या तालावर मान डोलवू लागले. तिसऱ्यांदा म्हणताना बरेच जण थांबले. चार-पाच जणांनी तरीही पूर्ण केलं.

मग मयुरेशने आत बसून लिव्हर सरकवला आणि किल्ली फिरवली. सात लिटरचं इंजिन, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. हुपरीकरांनी निरांजनाची ज्योत हलताना पाहिली, तबक खाली ठेवलं आणि विजयी मुद्रेने मयुरेशकडे बघून हातोडी मारल्याची खूण केली.

फोल्ट्सने जाताना त्यांचा हात हातात घेतला आणि दोन वाक्यं बोलला. हुपरीकरांनी कुंदाकडे पाहिलं. बाई म्हणाली, आराम करा म्हणतायत, दमलात तुम्ही. तिला वाटलं घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर धीर झाला नाही, आठवडाभर झाला नाही. शनिवारी ती सोबत गेली नाही आणि हुपरीकर नेहमीप्रमाणे दाढी करून एकटेच निघाले. फोल्ट्सला दारातच बोलावं लागलं, आणि ते कळेना म्हणून त्याने पावतीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं, शनिवार बंद. जर्मन वाचता चांगलं येतं हुपरीकरांना. आत त्यांच्या स्टुलावर मयुरेश बसला होता, मांडीवर मीटर. हिरवी गाडी त्यांनी नोव्हेंबरात विकली. कुणाला, ते कुंदालाही सांगितलं नाही. फोल्ट्सने लिहिलेली पावती स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवली, कुंदाला रोज दिसेल अशी. ती काढायला त्यांनी अजून परवानगी दिलेली नाही. आणि मयुरेशच्या शनिवारांबद्दल ते बरेच महिने एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये, दुपारची वेळ, मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. मयुरेश त्याच्या नव्या घरून आला. वाळला होता. एक गाडी त्याच्या मानेवर बसली होती. सकाळी गार असताना पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, पण तासभर चालवून बंद केली की सेल्फ उचलायचा नाही. त्याने बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, सेल्फ दोनदा बदलला. मीटरवर सगळे आकडे बरोबर. मालक ओरडतोय. आणि फोल्ट्सने त्यालाही तेच वाक्य ऐकवलंय की आणखी एक चूक झाली तर शनिवार बंद.

तो हुपरीकरांच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि सगळं मराठीत, सावकाश, तोंड त्यांच्याकडे करून सांगितलं. शेवटी म्हणाला, "आतोबा, चुकलं माझं. पण एवढं सांगा."

हुपरीकरांनी त्याच्या ओठांवरची नजर एकदाही हलवली नव्हती. आता त्यांनी हात कानामागे नेला.

"काय म्हणतोस?"

त्याने पुन्हा सगळं सांगितलं.

"मोठ्याने बोल."

तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज चिरकला. खाली कुणीतरी खिडकी लावून घेतली. हुपरीकर फार मायेने हसले. "ऐकू येत नाही रे मला," ते म्हणाले. "तुला तर माहीत आहे."

मयुरेश गेला. पायऱ्या उतरताना त्याचे पाय वाजत होते. हुपरीकरांनी बशीतली खारी चहात बुडवली.

"सेल्फ एक्झॉस्टच्या पाइपाला चिकटून बसतो त्या गाडीत," ते म्हणाले. "तापला की अडतो. दहा सेल्फ बदलले तरी तेच. मध्ये एक पत्रा लावायचा, झालं." मग माझ्याकडे पाहून, "वर गेलात की फोन करून सांगणार का त्याला, वहिनी? मागच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतंत."

त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. अवनी असेल. चहा अजून गरम होता. मी तो संपवला, कप नळाखाली धुवून पालथा घातला आणि वर माझ्या घरी आले. फोन टेबलावरच होता. मयुरेशचा नंबर मला पाठ आहे.

ऑगस्टच्या अखेरीस फोल्ट्सने त्याचाही शनिवार बंद केला. पावतीच्या मागे काही लिहून द्यायची गरज पडली नाही. त्याला ऐकू येतं.